गळ्यातली माळ कुणाची?

पहाटे ४.३०. देवळात काकडा चालू असतो, तेव्हा मी महाद्वार घाटाच्या पायऱ्या उतरत असतो. माझ्या कादंबरीतला मुडदा याच वाळवंटात सापडतो, पुंडलिकाच्या देवळाजवळ, कार्तिकी एकादशीच्या संध्याकाळी. त्यामुळे इथे कोण कुठे झोपतं हे मला पाठ असायला हवं. वारीच्या दिवसांत सगळे सारखेच दिसतात. प्रत्येकाच्या उशाला बोचकं, अंगावर घोंगडी नाहीतर प्लास्टिकचा कागद. पौर्णिमेला काला झाला की दिंड्या परततात, आणि मग कोण उरलंय ते दिसतं. आज घाटावर उरलेल्यांत एक म्हातारी आहे. चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून तिने त्या पदरात बांधल्यात.

६.३०. आक्काच्या गाड्यावर चहा. कादंबरीतली साक्षीदार मी हिच्यावरूनच उचललीय, आणि ते तिला माहीत आहे. मेलेल्याला दुपारी जिवंत बघणारी तीच. "माऊली, तुमच्या गोष्टीतली बाई पोलिसाला काय सांगती?" "काहीच नाही," मी म्हणालो. "मग बरोबर लिवताय." घाटावर बसून हात पसरणाऱ्याला १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली उचलता येतं. असा माणूस आपण होऊन चौकीची पायरी कशाला चढेल? मराठी रहस्यकथेत साक्षीदार गप्प बसतो तो बहुधा गुंडाच्या धाकाने. माझे साक्षीदार गाडी येईल आणि आपल्याला भरून नेईल या भीतीने गप्प आहेत.

९ ते १२.३०. लेखन. दार बंद, फोन आत.

कथानक थोडक्यात असं. अनोळखी म्हाताऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ. दोन दिवसांनी एक तरुण येतो, हंबरडा फोडतो, "हे आमचे काका, तीस वर्षांचे वारकरी, घर सोडून गेले होते." ओळख पटते, अंत्यविधी होतो, दाखला मिळतो. काकांच्या नावावरची जमीन पालखी महामार्गात गेलेली आणि मोबदला अडकलेला. काका नुसते बेपत्ता राहिले, तर कायद्याने मेले असं धरायला सात वर्षं थांबावं लागतं. बेवारस मुडदा हाती लागला की दाखला, मग वारस नोंद, मग फेरफार. पुतण्याने काकाला मारलेलं नाही. त्याने दुसऱ्याच कुणाला तरी काका केलंय. खरे काका पंढरपुरातच आहेत, नामदेव पायरीजवळ, भजनात दंग.

हे उलगडतं ते श्रद्धेच्या बारीक तपशिलांवरून. वर्षानुवर्षं घातलेल्या माळेचे मणी घामाने काळपट, गुळगुळीत होतात. मुडद्याच्या गळ्यातले मणी खरखरीत, दोरा करकरीत. पण एवढ्यावर भागत नाही. माळ तुटते, लोक नवी घालतात. म्हणून दुसरा पुरावा शवविच्छेदनातला: जठरात ज्वारीची भाकरी आणि मटकी. एकादशीला! वारकरी त्या दिवशी धान्याला शिवत नाही. ज्याचं नाव-गाव कागदावर नाही त्याचा न केलेला उपवासच इथे त्याचा जबाब देतो. आज मी हेच प्रकरण लिहिलं. अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर पोसलेल्या वाचकाला पिस्तूल लागतं. त्याला मी भाकरी देतोय.

दुपारी १.३०. निवृत्त हवालदारांच्या ओसरीवर. ते मला मास्तर म्हणतात, आणि माझी पानं पोलिसी भाषेत तपासून देतात. "मास्तर, 'केस दाखल केली' लिहू नका. एडी, म्हणजे अकस्मात मृत्यू, दाखल केली. आधीचं कलम १७४, आता नव्या संहितेचं १९४." मग डोळे मिटून सांगतात, मी उतरवून घेतो: अनोळखी पुरुष, वय अंदाजे ६५, बांधा सडपातळ, रंग सावळा, अंगात पांढरा सदरा, नेसणीस धोतर, उजव्या हातावर गोंदलेले. काय गोंदलेलं? ते थांबतात. "मारुती टाका. नाव टाकलंत तर तुमची गोष्टच संपती की."

४.००. डॉक्टरांना फोन. त्यांनी आयुष्यभर ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदनं केली. त्यांचा आग्रह असा की जठरातल्या अन्नावरून मृत्यूची वेळ छातीठोक सांगू नये. पचन माणसामाणसात बदलतं, भीतीने नि आजाराने रेंगाळतं. काय खाल्लं ते सांगता येईल. दशमीच्या रात्रीची भाकरी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत जठरात टिकेल का? "सहसा नाही. पण तुमच्या इन्स्पेक्टरला 'सहसा' म्हणायला लावा." लावलं.

५ ते ६ वीज गेली. काही घडलं नाही.

६.३०. संपादकांचा फोन. मठातला एखादा बुवा गुन्हेगार करा, खप वाढेल. मी नाही म्हणालो. ढोंगी बुवा मराठी वाचक पहिल्या दहा पानांत ओळखतो. शिवाय माझा पुतण्याही नेमाने वारी करणारा आहे, आणि दाखला हातात आल्यावर तो कळसाला हात जोडतो. ते हात मनापासून जोडलेले आहेत. मला तेच जास्त भयंकर वाटतं.

रात्री ९. शेवटच्या प्रकरणाचा वाद बाकी आहे. पुतण्या पकडला जातो, काका सापडतात. मग जो जळला तो कोण? संपादकांना नाव हवंय. रहस्य अर्धं सोडायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. २०११ च्या जनगणनेत देशभरात १७ लाखांवर माणसं बेघर मोजली गेली, आणि त्या मोजणीत माझा म्हातारा होता की नव्हता हे माझ्या कादंबरीतल्या हवालदारालाही शोधता येणार नाही. अस्थीही पुतण्याने चंद्रभागेत सोडल्यात. आता तपासायला मारुतीचं गोंदण आणि एक फोटो, एवढंच शिल्लक. हवालदार तो फोटो घेऊन गाडेवाल्यांकडे फिरतो, तिथे आज थांबलोय. उद्या संपादकांना सांगणार आहे: नाव मिळणार नाही, हवी तर दहा पानं कमी करा.