कान कसा घडतो?

यवतमाळ जिल्ह्यात वणी तालुक्यात राजूर आहे. कोळशाच्या खाणीमुळं लोक त्याला राजूर कॉलरी म्हणतात. जमिनीखालच्या खाणीतला जाणता कामगार छताखाली काम करण्याआधी ते सळईनं ठोकून पाहतो. खणखणीत आवाज आला तर दगड घट्ट. बद्द, पोकळ आला तर थर सुटलेला, तिथून हटायचं. नुसत्या दिव्याच्या उजेडात ते दिसेलच असं नाही. हा कान जुन्यांच्या हाताखाली राहून तयार होतो.

भाषेचा कान मात्र आपण आईच्या पोटातूनच घडवत येतो. नवजात बाळ आईचा आवाज ओळखतं, हे अमेरिकेत 1980 साली प्रयोगानं दिसलं. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 साली आणखी एक गंमत दाखवली. इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक ऐकू येई. वर्षाची होता होता तो बहुतेकांना कळेनासा होई. घरात जे कानी पडतं तेवढंच कान जपून ठेवतो.

आता गुरुजी, तुमच्या वर्गात या. वऱ्हाडी घरातलं पोर डोळ्याला ‘डोया’ म्हणतं, ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणतं. कोलामाच्या घरची कोलामी तर द्राविडी कुळातली, मराठीपासून पार वेगळी. ते पोर बोललं आणि वर्ग हसला, की दुसऱ्या दिवशी ते गप्प. मग आपण म्हणतो, ‘पोरगं मठ्ठ आहे!’ आपण त्याला ऐकलं कुठं?

मोठ्या माणसांचंही तसंच आहे बघा. 1956 साली आकाशवाणीनं युनेस्कोच्या साहाय्यानं पुणे केंद्रावरून पाच जिल्ह्यांतल्या सुमारे 150 गावांसाठी शेतकी मंडळांचा प्रयोग केला. कार्यक्रम वीसच होते. गावकरी एकत्र बसून ऐकत, चर्चा करत आणि शंका केंद्राकडे पाठवत. पुढं त्यांची उत्तरं रेडिओवरून मिळत. आपलं म्हणणं पोचतं आहे हे कळल्यावर एरवी मागं बसणारी माणसंही बोलू लागली. माझ्या मते त्या प्रयोगातली मोलाची गोष्ट शेतीच्या माहितीपेक्षा हीच.

शाळेत याला यंत्र लागत नाही. उद्या कोलामाच्या मुलाला पळसाचं, मोहाचं नाव त्याच्या बोलीत विचारा. वर्गाकडून ते म्हणवून घ्या, तुम्हीही म्हणा. उच्चार चुकला तर त्यालाच सुधारू द्या.