गाडी नेमकी कधी थरथरते?

‘गाडीतून आवाज येतोय, बघा जरा’ एवढं सांगून गॅरेजात किल्ली ठेवून जाणारे ग्राहक पुष्कळ. जाणता मिस्त्री मात्र त्यांना असं सोडत नाही. आवाज कसा येतो, यात त्याला फारसा रस नसतो. एकाची खडखड ती दुसऱ्याची कटकट. तो विचारतो, कधी येतो? गाडी उभी असताना, ठरावीक वेगाला, वळताना की ब्रेक दाबल्यावर?

या ‘कधी’मागे साधं गणित आहे. छोट्या मोटारीच्या चाकाचा घेर साधारण १.९ मीटर. ताशी ८० किलोमीटरला ते सेकंदाला जवळपास १२ वेळा फिरतं. चार सिलिंडरच्या इंजिनात मात्र, गाडी उभी असताना मिनिटाला ८०० फेरे धरले, तरी सेकंदाला २७ च्या आसपास स्फोट होतात. म्हणजे चाकाचा ताल वेगळा, इंजिनाचा वेगळा. थरथर कोणाच्या तालावर आहे, एवढं कळलं की निम्मा शोध संपतो.

ते ओळखायला यंत्र लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर ज्या वेगाला गाडी थरथरते, तोच वेग राखून एक गिअर खाली घ्यायचा. चाकं पूर्वीइतकीच फिरतात, इंजिन जास्त फिरतं. थरथर बदलली नाही, तर दोष चाक, टायर किंवा एक्सलकडे. बदलली तर इंजिनाकडे. काही जण चालत्या गाडीत इंजिनच बंद करून पाहतात. हा वेडेपणा आहे. पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत जाते, किल्ली जास्त फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे ८० ते १०० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरणं. रिमच्या कडेला अवघं २० ग्रॅम वजन जास्त असेल, तर ताशी १०० किलोमीटरला ते चाकाला तीन किलोंच्या आसपास जोराने बाहेर ओढतं, तेही सेकंदाला १५ वेळा. वेग निम्मा केला की हा जोर पावपट होतो, म्हणून गावात काही जाणवत नाही. वेग आणखी वाढवला तर थरथर चक्क कमी होते, आणि मालक निर्धास्त होतो! दोष तिथेच असतो. सस्पेन्शनवर टांगलेलं चाक स्वतःहून सेकंदाला १० ते १५ वेळा हिंदकळू पाहतं. फिरण्याचा ताल त्याच्याशी जुळला की हादरे मोठे होतात, पुढे गेला की ओसरतात. थरथर सीटमध्ये जास्त असेल, तर मागची चाकं पाहावीत. पावसाळ्यात चिखलातून आलेल्या गाडीचं बॅलन्सिंग करण्याआधी रिम आतून धुवावी. वाळलेला चिखलही वजनच असतो.

फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हललं, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना टकटक आली, तर एक्सलचा जॉइंट संपत आलाय. वेगाबरोबर वाढणारी घरघर डावीकडे वळताना आणखी चढली, तर संशय बहुधा उजव्या बेअरिंगवर, कारण भार त्या बाजूला सरकतो.

पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थांत याच कामासाठी प्रतिध्वनी दाबणारे कक्ष, मायक्रोफोन आणि कंपनं मोजणारे सेन्सर आहेत. गल्लीतला मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतो, मूठ कानामागच्या हाडाला टेकवतो आणि पट्ट्याजवळ हात जाणार नाही एवढं जपत, आवाज अल्टरनेटरचा की वॉटर पंपाचा ते सांगतो.