खेळात कुणी घेत नाही तेव्हा

मूल वर्गात एकटं पडतंय असं कळलं की पालक आधी जागा बदलायचं बघतात: दुसरी तुकडी, दुसरी शाळा, निदान उन्हाळी शिबिर. काही मुलांना याचा खरोखर गुण येतो, काहींना मुळीच नाही, कारण सगळं एकटेपण एका जातीचं नसतं. वर्गात कोण आवडतं आणि कोण आवडत नाही, असं मुलांनाच विचारून अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन कोई आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली हा फरक नेमका मांडला. काही मुलं बहुतेकांची नावडती असतात. काहींचं नाव मात्र आवडत्यांतही नसतं आणि नावडत्यांतही नसतं. पहिली नाकारलेली, दुसरी दुर्लक्षित. मोठ्यांना दोघंही कोपऱ्यात बसलेलीच दिसतात.

पुढच्याच वर्षी कोई आणि जॅनिस कुपरस्मिट यांनी चौथीतल्या मुलग्यांचे चार-चार जणांचे गट करून त्यांना आठवड्यातून एकदा, सहा आठवडे खेळायला बसवलं. निम्म्या गटांत एकाच वर्गातली मुलं, निम्म्यांत एकमेकांना अनोळखी. तिसऱ्या भेटीपर्यंत अनोळखी गटांतही बरीचशी शाळेतलीच उतरंड उभी राहिली. नाकारलेला मुलगा तिथेही नकोसा झाला. दुर्लक्षित मुलं मात्र नवख्यांत खुलली, बोलती झाली. म्हणजे शिबिराचा खर्च कुणासाठी करावा, हे यातून बरंचसं कळतं.

मग नाकारलेल्या मुलाचा स्वभावच वाईट म्हणायचा का? तसं नाही. चालू खेळात शिरताना ही मुलं बऱ्याचदा स्वतःविषयी बोलू लागतात किंवा नियमांवरून वाद घालतात, तर आवडती मुलं खेळाचा रोख बघून त्यात मिसळतात, असं मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांना १९८१ साली दिसलं. हे शिकवता येतं. शेरी ओडेन आणि स्टीव्हन ॲशर यांनी १९७७ साली एकट्या पडलेल्या मुलांना सोबत खेळण्याच्या अशा गोष्टी शिकवल्या, आणि वर्षभरानंतरही त्यांची सुधारणा टिकून होती. आता कुणी म्हणेल, कोई-कुपरस्मिट यांच्या गटांतल्या चाळीस अमेरिकी मुलग्यांवरून आपल्या शाळांचं काय कळणार? आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे आडनाव, बोली, आईचं काम यांवरूनही मुलाला बाहेर ठेवलं जातं. तिथे त्या मुलाला मिसळायला शिकवणं म्हणजे मार खाणाऱ्यालाच शिस्त लावणं. तिथे हात घालायचा तो गटाला, आणि तो शिक्षकांनीच. सुरुवातीला पीटीच्या तासाला दोन कप्तानांना भिडू निवडू देणं थांबवून चिठ्ठ्या टाकल्या, तरी कुणाला शेवटी घ्यायचं याचं जाहीर प्रदर्शन टळेल.