मोत्याचा घरचा खाऊ

उरलेल्या रश्शात पोळी कुस्करून कुत्र्याला घालायची, ही आपली जुनी रीत. मला ती धास्तीची वाटते. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. शिजवले तरी तो दोष जात नाही. हिरड्या पांढुरक्या, लघवी तपकिरी दिसली तर त्याच दिवशी जनावरांचा दवाखाना गाठावा.

मी मोत्यासाठी वाटीभर नाचणीच्या पिठात उकडून कुस्करलेला लाल भोपळा मावेल तेवढा घालून घट्ट मळते. मीठ-साखर नाही, मनुका तर नाहीच. ती मूत्रपिंडाला घातक. पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे मंद तव्यावर झाकून, उलटून खरपूस भाजावेत. हे जेवण नव्हे, खाऊच. दिवसाच्या आहाराच्या १० टक्क्यांच्या आतच द्यावा. भोपळ्याची ओल राहते, म्हणून दोन दिवसांत संपवावा.