रूबार्बचा नायगावकर भाऊबंद

परदेशात लेकीकडे सहा महिने राहून आलेल्या आया एक नवे नाव घेऊन परततात. रूबार्ब. “अगं, नुसते लाल देठ! आंबटढाण. साखर घालून त्याचा जॅम करतात,” असे वर्णन होते आणि मग ठरलेला प्रश्न येतो. आपल्याकडे कुंडीत लागेल का?

नायगावात तरी नाही. (नायगाव म्हणजे दादर पूर्वेचे, वसईकडचे नव्हे.) रूबार्बच्या कंदाला हिवाळ्यात काही आठवडे कडाक्याची थंडी लागते, त्याशिवाय तो नीट फुटत नाही. इंग्लंडातल्या यॉर्कशायरमध्ये तर थंडी खाल्लेले कंद काळोख्या शेडमध्ये वाढवून मेणबत्तीच्या उजेडात देठ काढतात. काळोख आपल्या चाळींत भरपूर, पण थंडी कुठून आणायची? त्याची हिमालयातली बहीण, आपल्या वैद्यांची रेवाचिनी, तीही डोंगरउतारावरच रमते.

मात्र याच कुळातला एक भाऊबंद दादरच्या मंडईत जुडीने मिळतो. तो म्हणजे आंबट चुका. अळूच्या फदफद्यात पडतो तोच. रूबार्बचा देठ खातात आणि पान विषारी. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये भाजी म्हणून ती पाने खाऊन माणसे दगावली होती. चुक्याचे मात्र पान आणि कोवळा देठ दोन्ही पातेल्यात जातात. ऑक्झॅलिक आम्ल दोघांतही असते, म्हणून मुतखडा झालेल्यांनी बेताने खावा. आणि बिनकल्हईच्या पितळी भांड्यात शिजवू नये, हे आपल्या आज्यांना पुस्तकाविना ठाऊक होते.

चुक्याला हवे ते ऊन. चार-पाच तास तरी पडले पाहिजे. पाऊस सरला की ऑक्टोबरात तेलाच्या पत्र्याच्या डब्याला तळाशी भोके पाडावीत, निम्मी लाल माती आणि निम्मे कुजलेले शेणखत भरावे. बी विरळ फेकून वर बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढीच माती पसरावी. आठवड्याभरात कोंब दिसतात. इथे बहुतेकांचा हात आखडतो, उगवलेले रोप उपटवत नाही. पण दोन रोपांत चार बोटे अंतर नसेल तर सगळीच खुरटतात, तेव्हा उपटा आणि तीच कोवळी पाने आमटीत टाका. पाणी रोज, पण डबा चिंब राहू नये. मावा पडला तर साबणाचे पातळ पाणी शिंपडावे. दीड महिन्याने बाहेरची पाने खुडायची, मधला गाभा सोडायचा. तो पुन्हा फुटतो.

मार्चच्या उन्हात तुरे येतात, त्यांना कागदासारखी पातळ, गुलाबी झाक असलेली फळे धरतात. पान तेव्हा निबर होते. एकदोन झाडे तशीच ठेवावीत.

ही शेवटची सूचना नायगावच्या बीडीडी चाळींसाठी खास. १९२०च्या दशकात इथे ४२ चाळी उभ्या राहिल्या, खोली १६० चौरस फुटांची. मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या, त्यामुळे ऊन फक्त खिडकीला. त्या खिडकीत तुळस, कोरफड, ओवा आणि दाटीवाटीने चुका. २०१७ साली पुनर्विकासाचा नारळ फुटला आणि ५०० चौरस फुटांचे घर मिळणार म्हणून सगळे आनंदले. आनंदावेच, शौचालय घरात येणे ही साधी गोष्ट नव्हे. पण सामान बांधताना डबे आधी टाकले जातात. “माती कुठे न्यायची?” असे मुले म्हणतात, आणि सासूबाई गप्प बसतात.

रूबार्ब एकदा लावला की दहा-दहा वर्षे जागा सोडत नाही. चुका एका हंगामाचा, त्याचे बिऱ्हाड हलके. बी वाळवून कागदाच्या पुडीत बांधा, मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवा. सोडतीत घर निघाले की आधी खिडकी पाहा. पूर्वेला किंवा दक्षिणेला असेल तर ऑक्टोबरात पुडी सोडा. उत्तरेला निघाली, तर शेजारणीला अर्धे बी द्या आणि जुडीचा अर्धा वाटा आधीच ठरवून घ्या.