गज, वार आणि चौरस मीटर

दिल्ली-जयपूर महामार्गावरील मानेसर हे देशाच्या वाहन उद्योगाचे एक प्रमुख केंद्र आहे. येथील कारखान्यांत सुट्या भागांचे मोजमाप मिलिमीटरच्या सूक्ष्म अंशापर्यंत होते. मात्र त्याच परिसरात घरासाठी भूखंड पाहू गेल्यास भाव सांगितला जातो तो ‘गजा’चा! पुण्याहून नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबाला हा शब्द परका वाटला, तरी हा गज म्हणजे आपला चौरस वार होय. नऊवारी लुगड्यातील वारही हाच.

भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापे स्वीकारली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आणली. आज वैधमापन कायदा, २००९ अन्वये अधिकृत एककांव्यतिरिक्त अन्य एककांत वस्तूंचे व सेवांचे दर सांगण्यास वा त्यांची जाहिरात करण्यास मनाई आहे. तरीही दूरचित्रवाणी संच इंचांत आणि सोने तोळ्यांत मागितले जाते.

ग्राहकाने जुनी नावे सोडली नाहीत. पण काही नावांतील माप मात्र बदलून घेतले. पूर्वीचा ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. त्या हिशेबाने पावशेर २३३ ग्रॅम भरे. आज पावशेर भाजी म्हणजे २५० ग्रॅम. येथे ग्राहकाचा लाभच झाला. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, सराफ बाजारात आता तो बहुधा १० ग्रॅमचा मानला जातो. म्हणजे आजीच्या काळातील तोळ्यापेक्षा हा तोळा सुमारे एक सप्तमांशाने हलका!

जमिनीच्या बाबतीत असा सोयीचा पूर्णांक सापडला नाही. १०० गज म्हणजे ९०० चौरस फूट, अर्थात ८३.६१ चौरस मीटर. गज आणि चौरस मीटर एकच समजणाऱ्याच्या हिशेबात सुमारे एक षष्ठांश तफावत पडते. उदाहरणार्थ, गजाला ५०,००० रुपये हा भाव चौरस मीटरला सुमारे ५९,८०० रुपये होतो. आयुष्यभराची पुंजी गुंतवताना ही तफावत लहान म्हणता येणार नाही.

जुन्या मापांचा जिव्हाळा सर्वत्र आढळतो. व्यवहारात मात्र ग्राहक स्पष्टतेलाच कौल देतो. ब्रिटनमध्ये २०२२ साली शासनाने पौंड-औंसांविषयी जनमत मागविले. २०२३ च्या अखेरीस जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार ९८.७ टक्के प्रतिसादकांनी दशमान मापांना, एकट्याने वा प्रमुख माप म्हणून, पसंती दिली होती.

आपल्याकडेही २०२१ च्या दुरुस्तीने आवेष्टित वस्तूंवर प्रतिग्रॅम, प्रतिमिलिलिटर यांसारखा एकक-दर छापण्याची तरतूद झाली. खरेदी करताना तो अवश्य पाहावा. सोने तारण ठेवताना वजन ग्रॅममध्येच नोंदवून घ्यावे. भूखंडाचा बोलीतील भाव आणि दस्तऐवजातील क्षेत्रफळ एकाच मापात आणून मगच स्वाक्षरी करावी. बोलताना गज, वार, तोळा खुशाल असू द्यावेत. हिशेब मात्र मीटर आणि ग्रॅममध्येच करावा, हे ग्राहकाच्या हिताचे आहे.