सर्किटची पाटी कोणत्या सॉफ्टवेअरवर आंखावी?



वसई तालुक्यांत आगाशीच्या शेजारीं नंदाखाल हें आमचें गांव आहे. येथल्या वाड्यांना पाणी मिळत आलें तें विहिरींचें आणि बावखलांचें. उन्हाळ्याच्या अखेरीस विहिरीनें तळ गाठला कीं पंप कोरडा फिरूं लागतो व तसाच चालू राहिला तर जळतो. हें टळावें म्हणून कांहीं वर्षांपूर्वीं मीं एक लहानसें साधन तयार केलें. पाण्याची पातळी ठराविक खुणेखालीं गेली कीं तें पंप बंद करतें. आजचा माझा विषय त्या साधनाच्या पोटांतूनच निघाला आहे, म्हणून आधीं त्याची हकिकत सांगतों.

त्या पोटांत एक पाटी आहे. काचतंतूंच्या पाटीवर तांब्याचा पातळ थर चढविलेला असतो. नको असलेलें तांबें फेरिक क्लोराइडच्या द्रावणांत विरघळवून टाकलें म्हणजे ज्या रेघा उरतात, त्याच तारांचें काम करतात. पूर्वीं हौशी मनुष्य ह्या रेघा शाईनें हातानेंच काढी. हल्लीं त्या संगणकावर आंखतात. मग घरीं करावयाचें तर आकृति लेझर-छपाईनें कागदावर घेऊन गरम इस्त्रीनें तांब्यावर उतरवितात. नाहीं तर फाईली सरळ कारखान्याकडे धाडतात.

माझी पाटी मीं एका परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर काढली होती. तें फुकट होतें, सोपें होतें. अधिक चौकशी मीं केली नाहीं. पांच-सहा उन्हाळे साधन बिनतक्रार चाललें. मग त्यांतला रिले बिघडला. लॅमिंग्टन रोडवर हिंडलों, पण त्या घडणीचा रिले मिळेना. जो मिळाला त्याचे पाय थोड्या निराळ्या अंतरावर. पाटीवरचीं दोन भोकें किंचित् सरकवावयाचीं, एवढेंच काम! पण मधल्या काळांत माझा जुना संगणक निकामी झाला होता, आणि त्या कंपनीनें फुकटची आवृत्ति देणें बंद केलें होतें. माझ्याच हातानें काढलेली आकृति मला उघडतां येईना.

माझ्याजवळ उरल्या होत्या त्या फक्त कारखान्याला पाठविलेल्या फाईली. ह्या फाईलींना गर्बर म्हणतात, आणि बहुतेक सारे कारखाने त्याच मागतात. छापखान्यांतील ब्लॉकची उपमा येथें बरोबर लागू पडते. ब्लॉकवरून प्रती हव्या तेवढ्या काढाव्या. पण एक शब्द बदलावयाचा झाला कीं मूळ जुळणी हवी. माझ्यापाशीं ब्लॉक होता, जुळणी नव्हती.

गेल्या महिन्यांत आमच्या आळींतला एक कॉलेजविद्यार्थी विचारीत आला, “काका, मी कोणतें सॉफ्टवेअर शिकूं?” त्याच्या मनांत होतें, कोणतें दिसावयास सुंदर आणि कोणत्यांत रेघा आपोआप पडतात. मीं त्याला उलट विचारलें, “तुझी आकृति दहा वर्षांनीं कोण उघडणार? तूं, कीं कंपनी?”

ह्या प्रश्नाला इतिहासच उत्तर देतो. या छंदांत ईगल हें नांव फार दिवस घरोघर होतें. कॅडसॉफ्ट ह्या जर्मन कंपनीनें तें १९८८ सालीं काढलें. २०१६ सालीं तें अमेरिकेच्या ऑटोडेस्ककडे गेलें. त्याच्या फुकट आवृत्तींत पाटीचें क्षेत्रफळ ऐंशी चौरस सेंटिमीटरांपलीकडे जाऊं देत नसत, पण हौशी माणसाला तेवढें पुष्कळ. २०२३ सालीं ऑटोडेस्कनें जाहीर केलें कीं जून २०२६ पासून ईगल बंद. पुढील काम त्यांच्या फ्यूजन ह्या मोठ्या सॉफ्टवेअरांत करावें. कंपनीचा तो हक्कच आहे, त्याबद्दल रागावण्यांत अर्थ नाहीं. सहाव्या आवृत्तीपासून ईगलच्या फाईली साध्या वाचनीय मजकुराच्या झाल्या होत्या, ही त्यांतल्या त्यांत सुदैवाची गोष्ट. म्हणून इतर सॉफ्टवेअरांना त्या वाचतां येतात.

त्या वाचणाऱ्यांत किकॅड प्रमुख. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील एक अध्यापक झाँ-पिएर शारा यांनीं १९९२ सालीं तें आरंभिलें. जिनीव्हाजवळची सर्न ही परमाणु-संशोधनाची संस्था २०१३ पासून त्याच्या विकासांत हात देऊं लागली. एक रेघ सरकविली कीं शेजारच्या रेघा आपण होऊन बाजूला होतात, ही सोय सर्नच्या मंडळींनीं घातलेली. तें मुक्त परवान्याखालीं आहे: पैसे नाहींत, पाटीच्या आकाराची मर्यादा नाहीं, आणि घरच्या संगणकावर उतरवून घेतलेली प्रत कोणीही परत घेऊं शकत नाहीं. नवी आवृत्ति जुन्या फाईली उघडते. उलट मात्र होत नाहीं, हें ध्यानांत असावें. शिकावयास तें प्रथम जड वाटतें, हें मी लपवीत नाहीं. चिन्ह एका ठिकाणीं, भागाचा फुटप्रिंट दुसऱ्या ठिकाणीं, आणि दोहोंची गांठ आपण घालावयाची. नवशिका येथेंच अडखळतो.

ज्याला इतका धीर नाहीं तो ईझीईडीएकडे वळतो. हें चिनी सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येंच चालतें, आणि आंखून होतांच तेथूनच पाट्या व सुटे भाग मागवितां येतात. सोय खरोखरच मोठी आहे. परंतु इंटरनेटवर वापरतांना आकृति त्यांच्या घरीं राहते. म्हणून प्रत्येक वेळीं एक प्रत आपल्या घरीं उतरवून घ्यावी. अगदीं लहान मुलांस फ्रिट्झिंग बरें. जर्मनींतील पोट्सडाम येथें जन्मलेलें हें सॉफ्टवेअर ब्रेडबोर्डचें चित्रच पडद्यावर दाखवितें. गंभीर कामाला मात्र तें लवकर अपुरें पडतें.

आपल्या मुंबईंतही ह्या दिशेनें काम झालें आहे. पवईच्या आय.आय.टी.मधील फॉसी प्रकल्पानें ई-सिम नांवाचें मुक्त सॉफ्टवेअर सिद्ध केलें, तें किकॅड आणि एन्‌जीस्पाइस यांच्या जोडीवर उभें आहे. पाटी करण्यापूर्वीं सर्किट चालेल कीं नाहीं, याचा अंदाज त्यांत कागदोपत्रीं पाहतां येतो. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पांत अनेक मुक्त सॉफ्टवेअरांचे पाठ मराठींतूनही ऐकावयास मिळतात.

आणखी एक कसोटी आम्हां किनाऱ्याच्या लोकांसाठीं. अर्नाळ्याचा खारा वारा आणि पावसाळ्याची ओल पाटीवर बसली कीं जवळच्या दोन रेघांमधून वीज झिरपते. माझ्या साधनांत २३० व्होल्टांची रेघ आणि पाण्यांत सोडलेल्या तारेची रेघ एकाच पाटीवर आहेत. दोहोंत सहा ते आठ मिलिमीटरांचें अंतर नसेल तर पाण्याला हात लावणाऱ्याच्या जिवाशीं गांठ. हें अंतर नियम म्हणून नोंदवावें आणि चूक झाल्यास सॉफ्टवेअरनें ओरडून सांगावें, ही सोय ज्यांत नाहीं त्यावर मी मुख्य विजेची पाटी काढणार नाहीं. किकॅडमध्यें ती आहे.

माझी पाटी मीं किकॅडमध्यें पुन्हां आंखली. गर्बरची छापील प्रत शेजारीं ठेवून रेघ न् रेघ मोजली. तीन रविवार गेले. दुसऱ्या रविवारीं असें आढळलें कीं माझ्या जुन्या आकृतींत तें अंतर एके ठिकाणीं जेमतेम दोन मिलिमीटर होतें. इतके उन्हाळे आम्ही त्याच विहिरीवर हात धूत होतों. आतां तेथें पाटीला आरपार खांच पाडून घेतली आहे. मूळ फाईल, सर्किटची छापील आकृति आणि भागांची यादी यांची एक प्रत त्या विद्यार्थ्याच्या संगणकावरही ठेवली आहे.